ग्राफवर न बसणारे ठिपके : बॉइलिंग पॉईंट प्रोजेक्टच्या नोंदी

४ जुलै

विषय ठरला एकदाचा. आंतररेण्वीय बलं (रेणू एकमेकांना ओढतात ती) आणि बॉइलिंग पॉईंट. सरांनी दिलेलं मूळ नाव "विविध द्रवांचे उत्कलनबिंदू मोजणे" असं होतं, पण नुसते आकडे मोजून वहीत उतरवायचे तर त्यात प्रोजेक्ट काय राहिला, म्हणून मी आणि पार्टनरने ठरवलं की एक मोठ्ठा ग्राफ काढायचा, आडव्या अक्षावर रेणुवस्तुमान, उभ्यावर बॉइलिंग पॉईंट, आणि बघायचं कोण रेषेवर बसतं आणि कोण नाही. माझा अंदाज असा की जड रेणू वर, हलका खाली, आणि पाणी तेवढं एकटं अपवाद. हा अंदाज मुद्दाम आज लिहून ठेवतेय, नंतर खोडायचा नाही.

पहिल्याच दिवशी वाद झाला. पार्टनर म्हणाला, "अगं उकळत्या पाण्याच्या बुडबुड्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन असतो ना." नसतो रे बाबा. एक मोल पाण्यातला ओ-एच बंध तोडायला साधारण ४६३ किलोज्यूल लागतात, आणि एक मोल पाण्याची १०० डिग्रीला वाफ करायला फक्त ४०.७. म्हणजे उकळताना रेणूच्या आतलं काहीच तुटत नाही, रेणूंनी एकमेकांना जे धरून ठेवलेलं असतं तेवढंच सुटतं. बुडबुड्यात पाण्याचीच वाफ. हे त्याला पटलं पण "मग धरून ठेवणारं नक्की काय आहे ते सांग" म्हणाला, आणि तेच शोधायचंय म्हणलं पुढचा महिनाभर. (सगळे आकडे सेल्सिअसमध्ये, वेगळं लिहिलं नसेल तर.)

७ जुलै

चाळीसेक पदार्थांचे आकडे एक्सेलमध्ये भरले, ग्राफ काढला, आणि रेषा वगैरे काही नाही, कुणीतरी शाई झटकल्यासारखे ठिपके. सगळ्यात वाईट हाल ५८ ते ६० वस्तुमानाच्या जागी, तिथे चार ठिपके एकावर एक उभे : ब्युटेन उणे ०.५, ॲसिटोन ५६, प्रोपेनॉल ९७, ॲसेटिक ॲसिड ११८. वजन जवळजवळ एकच आणि फरक ११८ डिग्रीचा! त्याहून भारी जोडी इथेनॉल आणि डायमिथाइल ईथरची, अणूसुद्धा तेच आणि तितकेच, फक्त जोडणी वेगळी, एक ७८ ला उकळतं आणि दुसरं उणे २४ लाच वायू होऊन बसलेलं.

म्हणजे माझा अंदाज तीन दिवसांत आडवा. ठीक आहे.

आता ठिपक्यांना रंग दिले. ज्यांच्याकडे फक्त लंडन फोर्स (सगळ्याच रेणूंत असणारी, इलेक्ट्रॉनच्या ढगांची क्षणिक ओढ) आहे ते निळे, कायमचा द्विध्रुव (एक टोक थोडं धन, दुसरं थोडं ऋण) असलेले हिरवे, हायड्रोजन बंधवाले (ऑक्सिजन, नायट्रोजन किंवा फ्लोरीनला जोडलेला हायड्रोजन शेजारच्या रेणूतल्या तशाच अणूकडे ओढला जातो) लाल. रंग दिल्यावर चित्र जरा सुधारलं, निळे खाली, लाल वर, हिरवे मधे. पण निळ्यांमधेच एवढा पसारा का ते कळेना.

१० जुलै

निष्क्रिय वायू हा निळ्यांचा सगळ्यात साफ नमुना. हेलियम उणे २६९, निऑन उणे २४६, आरगॉन उणे १८६, क्रिप्टॉन उणे १५३, झेनॉन उणे १०८. एकेकटे अणू, ध्रुव नाही, बंध नाही, तरी द्रव होतातच म्हणजे काहीतरी ओढ आहेच. इलेक्ट्रॉनचा ढग क्षणभर एका बाजूला सरकतो, त्याने शेजारच्याचा ढग सरकतो, आणि दोघं क्षणापुरते चिकटतात, फ्रिट्झ लंडनने १९३० मध्ये याचं क्वांटम गणित मांडलं म्हणून त्याचं नाव. व्हॅन डर वाल्सने त्याच्या खूप आधी, १८७३ च्या प्रबंधात, रेणूंमध्ये ओढ असते हे धरून वायूचं समीकरण लिहिलं होतं, पण ओढ कशाची ते तेव्हा कुणालाच सांगता येत नव्हतं.

मुद्दा असा की झेनॉनचा ढग हेलियमपेक्षा जवळपास वीस पट सहज हलतो. वजन वाढलं की इलेक्ट्रॉन वाढतात, ढग मोठा आणि सैल होतो, आणि म्हणून बॉइलिंग पॉईंट वाढतो. वजन स्वतः काही करत नाही, ते फक्त सोबत वाढतं. हॅलोजनमध्ये पण तेच, फ्लोरीन उणे १८८, क्लोरीन उणे ३४, ब्रोमीन ५९, आयोडीन १८४.

पार्टनर म्हणाला हे सगळं ठीक आहे पण सोबतच वाढतंय तर फरक काय पडतो. बरोबर प्रश्न. रात्री उत्तर सापडलं.

११ जुलै

उत्तर : हेक्सेन घ्यायचं आणि त्याचे सगळे हायड्रोजन काढून फ्लोरीन लावायचे. वस्तुमान ८६ वरून ३३८, चौपट! बॉइलिंग पॉईंट ६९ वरून ५७. खाली आला! फ्लोरीन आपले इलेक्ट्रॉन इतके घट्ट धरून बसतो की ढग हलतच नाही, मग वजन कितीही असू दे. हा ठिपका ग्राफवर उजवीकडे लांब एकटा पडलाय आणि मला तो भयंकर आवडलाय. पार्टनरचं तोंड बंद.

१४ जुलै

पेंटेनचे तीन भाऊ. सरळ साखळीचा ३६, एक फांदीवाला आयसोपेंटेन २८, आणि गोळा झालेला निओपेंटेन ९.५. वस्तुमान ७२, इलेक्ट्रॉन सारखेच, फरक फक्त आकाराचा. लांब रेणू शेजाऱ्याला अख्ख्या लांबीवर टेकतो, गोळा एका टोकावर टेकतो, दोन काठ्या शेजारी ठेवल्या आणि दोन चेंडू शेजारी ठेवले की कळतं.

पण हाच निओपेंटेन वितळतो उणे १७ च्या आसपास, आणि सरळ पेंटेन उणे १३० ला. उलटं! गोळे स्फटिकात छान रचून बसतात म्हणून घन अवस्था सोडायला तयार नसतात, आणि द्रव झाले की लगेच उडून जातात, जेमतेम सव्वीस डिग्रीची द्रवावस्था. मेल्टिंग पॉईंट आपला विषय नाही, पण जे लोक "बल जास्त म्हणून दोन्ही पॉईंट जास्त" असं एका दमात लिहून टाकतात त्यांच्यासाठी हे चार्टवर कोपऱ्यात टाकणार आहे.

१८ जुलै

आज पहिल्यांदा लॅब. छोट्या ट्यूबमध्ये थोडं इथेनॉल, त्यात एका बाजूने बंद केलेली केशनळी उघडं तोंड खाली करून, ट्यूब थर्मामीटरला रबराने बांधायची आणि बीकरमधल्या पाण्यात सोडायची. ज्वाला नाही, हॉटप्लेट, कारण आपले अर्धे द्रव पेट घेणारे. तापवत गेलं की केशनळीतून बुडबुडे आधी थांबून थांबून आणि मग माळेसारखे यायला लागतात, तेव्हा हॉटप्लेट बंद करायची आणि थंड होताना ज्या क्षणी द्रव केशनळीत आत शिरतो ते तापमान वाचायचं. त्या क्षणी आतल्या वाफेचा दाब आणि बाहेरच्या हवेचा दाब सारखा असतो, आणि बॉइलिंग पॉईंटची व्याख्याच ती.

पहिलं रीडिंग ८२. पुस्तकात ७८. घाई केली होती, तापमान इतकं भराभर चढत होतं की थर्मामीटर आणि ट्यूबच्या आतला द्रव यांचं जमतच नव्हतं, शिवाय माळ सुरू झाली तेव्हाच वाचलं होतं, द्रव आत शिरेपर्यंत थांबलोच नव्हतो. हळू केलं, मिनिटाला दोन डिग्री, ७७.५ आलं, पुन्हा ७७.५. आता अर्धा डिग्री कमी का? पार्टनरचं म्हणणं स्पिरिटमध्ये पाणी आहे म्हणून. पण इथेनॉल आणि पाण्याचं ९५.६ टक्क्यांचं मिश्रण ७८.२ ला उकळतं, शुद्धपेक्षा जेमतेम ०.२ कमी, त्याने एवढा फरक पडणार नाही. बॅरोमीटर बघितला तर ७४२ मिमी. ७६० च्या खाली दर मिलिमीटरला इथेनॉलचा बॉइलिंग पॉईंट ०.०३ च्या आसपास उतरतो, अठराला गुणलं की अर्ध्याच्या वर. जमलं! सरांनी पाठ थोपटली नाही पण "दाब लिहिलात ते बरं केलंत" म्हणाले, त्यांच्याकडून हे खूप झालं.

२१ जुलै

बाष्पीभवनाने गार होण्याचा प्रयोग. थर्मामीटरच्या फुग्याला फिल्टर पेपरची पट्टी दोऱ्याने बांधायची, द्रवात बुडवून बाहेर काढायची आणि तापमान किती उतरतं ते बघायचं. जो द्रव एकमेकांना सैल धरतो तो भराभर उडतो आणि जास्त गार करतो. मिथेनॉलने साधारण १४ डिग्री उतरवलं, इथेनॉलने ९, प्रोपेनॉलने ५, ब्युटेनॉलने २ सुद्धा धड नाही. क्रम तंतोतंत बॉइलिंग पॉईंटच्या उलटा, ६५, ७८, ९७, ११८.

पेंटेन मात्र दर वेळी वेगळं रीडिंग देत होतं. चार वेळा केल्यावर लक्षात आलं की पट्टी इतकी गार होते की हवेतला दमटपणा तिच्यावरच जमतोय, आणि पाण्याची वाफ द्रव होताना उष्णता सोडते ती पट्टीला परत गरम करते. म्हणजे आम्ही पेंटेनचं बाष्पीभवन आणि पाण्याचं संघनन दोन्ही एकदम मोजत होतो. पेंटेनचं रीडिंग तक्त्यातून काढून टाकलं, कारण लिहून ठेवलं.

२५ जुलै

आज पाणी. सगळ्यांना माहितीये असं वाटणारा भाग, पण यातच सगळ्यात जास्त वेळ गेला.

सोळाव्या गटातले हायड्राइड (ऑक्सिजनच्या गटातल्या मूलद्रव्यांची हायड्रोजनबरोबरची संयुगं) : हायड्रोजन सल्फाइड उणे ६०, सेलेनाइड उणे ४१, टेल्युराइड उणे २. ही रेषा मागे ओढत नेली की पाणी कुठे उकळायला हवं होतं? पुस्तकं सांगतात उणे ८० च्या आसपास. म्हणलं आपण स्वतः काढू. आडव्या अक्षावर रेणुवस्तुमान घेतलं तर उत्तर आलं उणे ७३. आवर्त क्रमांक (आवर्त सारणीतली आडवी ओळ) घेतला, ३, ४, ५ आणि मागे २, तर आलं उणे ९२. तीन ठिपके, दोन अक्ष आणि उत्तरात १९ डिग्रीचा फरक! म्हणजे तो उणे ८० कुणी मोजलेला नाही, तो आपण रेषा कशी ओढतो त्यावर आहे. मी चार्टवर "उणे ७० ते उणे ९०" असं लिहिणार, एकच आकडा लिहायला हात धजत नाही.

काही का असेना, खरं पाणी १०० ला उकळतं, म्हणजे पावणेदोनशे डिग्री वर. हायड्रोजन बंध ही कल्पना लॅटिमर आणि रोडबुश यांनी १९२० मध्ये पाण्याबद्दलच मांडली. एका बंधाची ताकद साधारण २० किलोज्यूल प्रति मोल, आणि द्रवातल्या प्रत्येक रेणूच्या वाट्याला जवळजवळ दोन बंध येतात (चार शेजारी, पण प्रत्येक बंध दोघांत वाटून). दोन गुणिले वीस, चाळीस, आणि वाफ करायला लागतात ४०.७. फार ढोबळ हिशोब आहे पण पहिल्यांदा जुळला तेव्हा दोघंही दोन मिनिटं गप्प बसलो होतो.

मग एचएफ, म्हणजे हायड्रोजन फ्लोराइड. फ्लोरीनचा हायड्रोजन बंध पाण्याच्या बंधापेक्षा मजबूत, मग एचएफ १९.५ लाच का उकळतं? मोजणी करा. एचएफकडे द्यायला हायड्रोजन एकच आणि घ्यायला इलेक्ट्रॉनच्या मोकळ्या जोड्या तीन. अमोनियाकडे हायड्रोजन तीन आणि जोडी एकच. पाण्याकडे दोन आणि दोन. लग्नाच्या वयाची मुलं-मुली सारखी असलेलं एकच घर. बाकीच्यांकडे कुणीतरी बिनजोडीचं उरतंच.

हे सरांना सांगितलं, हसले आणि म्हणाले, "एचएफचं एवढ्यावर मिटत नाही, पुढे बघा."

२९ जुलै

ध्रुवीय म्हणजे बॉइलिंग पॉईंट जास्त, हे वाक्य आज ग्राफवरून काढून टाकलं. मिथेनचे हायड्रोजन एकेक करून क्लोरीनने बदलत जायचे : क्लोरोमिथेन उणे २४, डायक्लोरोमिथेन ४०, क्लोरोफॉर्म ६१, कार्बन टेट्राक्लोराइड ७७. आणि द्विध्रुव त्याच क्रमाने १.९, १.६, १.०, शून्य डिबाय (द्विध्रुव मोजायचं एकक). शेवटचा रेणू चारी बाजूंनी सारखा म्हणून ध्रुवच नाही, तरी सगळ्यांच्या वर. क्लोरीनचे मोठे सैल ढग जिंकले. (यातलं काही लॅबमध्ये हाताळलं नाही, टेट्राक्लोराइड विषारी आहे, आकडे पुस्तकातले.)

ध्रुवाचा परिणाम खरंच बघायचा तर बाकी सगळं सारखं असायला हवं. सिस आणि ट्रान्स डायक्लोरोइथीन, एकात दोन्ही क्लोरीन एका बाजूला, दुसऱ्यात समोरासमोर. सिस ६०, ट्रान्स ४८. बारा डिग्री, ध्रुवाची एवढी किंमत, फार नाही.

"लंडन फोर्स सगळ्यात वीक" हे आता कुणी म्हणलं की मी आयकोसेन काढते. वीस कार्बनची साखळी, ना ध्रुव ना हायड्रोजन बंध, उकळतं ३४३ ला. एकेक टेकणं दुबळं असेल, पण बेरीज बघा ना.

२ ऑगस्ट

छोटी नोंद. प्रोपेनवर एकेक ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) लावत गेलो : उणे ४२, ९७, मग दोन ओएचवाला ग्लायकॉल १८८, ग्लिसरॉल २९०. पहिल्या ओएचला १३९ डिग्री, पुढच्या प्रत्येकाला शंभरच्या आसपास. दोन ओएच शेजारी न ठेवता टोकांना ठेवले तर १८८ चे २१४ होतात, कारण शेजारी असले की एकमेकांतच गुंततात आणि बाहेरच्यांना कमी मिळतात. बारावीला नायट्रोफिनॉल वेगळं करताना वाफेबरोबर ऑर्थो (दोन्ही गट शेजारी) येतं आणि पॅरा (दोन्ही समोरासमोर) मागे राहतं, तेही यामुळेच, ऑर्थोचा हायड्रोजन बंध स्वतःतच.

आणि साखळी लांबली की ओएचचा दबदबा ओसरतो. मिथेनॉल आणि इथेन यांत १५४ डिग्रीचा फरक, ब्युटेनॉल आणि पेंटेन ८२, ऑक्टेनॉल आणि नोनेन फक्त ४४.

६ ऑगस्ट

सरांचं "पुढे बघा" आठवून ट्राऊटनचा नियम काढला, १८८४ चा. एका मोलच्या बाष्पीभवनाची उष्णता (ज्यूलमध्ये) भागिले बॉइलिंग पॉईंट, बहुतेक साध्या द्रवांसाठी उत्तर ८५ ते ८८ येतं. मी भागलं आणि हेक्सेनचं ४१९ आलं, हायड्रोजन क्लोराइडचं तर उणे. अर्धा तास डोकं खाजवलं, मग पार्टनरने बघितलं की मी सेल्सिअसने भागतेय. केल्विन! परत केलं : हेक्सेन ८५, टेट्राक्लोराइड ८५, ॲसिटोन ८८, हायड्रोजन क्लोराइड ८६. सुंदर. हा भागाकार म्हणजे रेणूंचा पसारा किती वाढला त्याचं माप, आणि रेणू कसलाही असो, द्रवातून वायूत जाताना पसारा साधारण तेवढाच वाढतो.

पाणी १०९, इथेनॉल ११०. द्रवातच हायड्रोजन बंधांनी शिस्त लावलेली, म्हणून वायू होताना पसारा जास्त वाढतो. इथपर्यंत अपेक्षित.

ॲसेटिक ॲसिड ६१. एचएफ २६!

इथे अडकलो. ॲसेटिक ॲसिडची वाफ करायला २३.७ किलोज्यूल, ॲसिटोनची करायला २९.१. म्हणजे ॲसिटोनला उडवायला जास्त उष्णता लागते, तरी ते ५६ ला उकळतं आणि ॲसिड ११८ ला. कसं काय? कारण ॲसेटिक ॲसिडचे रेणू वाफेतसुद्धा मोठ्या प्रमाणात जोडीनेच फिरतात, दोन हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून. सगळे बंध तुटतच नाहीत, म्हणून उष्णता कमी लागते, पण मोकळेही कमी होतात, म्हणून पसारा कमी वाढतो, आणि उष्णता भागिले पसारा, म्हणजे बॉइलिंग पॉईंट, वर जातो.

एचएफ तर त्याचाही बाप, वाफेत कडी आणि साखळ्या करून जातं. वाफ करायला ७.५ किलोज्यूल. नेहमीच्या ८७ ने भागलं तर ते उणे १८७ ला उकळायला हवं होतं, आणि उकळतं १९.५ ला.

म्हणजे गेला महिनाभर आम्ही बॉइलिंग पॉईंट म्हणजे ओढीचं माप धरून चाललो होतो आणि तो निघाला भागाकार. वरती ओढ, खाली सुटल्यावर मिळणारं मोकळेपण. दोन्ही बघितल्याशिवाय एकाही ठिपक्याबद्दल बोलायचं नाही. २५ तारखेची माझी जोड्यांची मोजणी चुकीची नाही पण ती फक्त द्रवाची आहे, वाफेत काय उरतं ते मी विचारलंच नव्हतं.

९ ऑगस्ट

चार्ट. पार्टनर म्हणतो जुना ग्राफ फेकून दे, मी म्हणते राहू दे. शेवटी दोन ग्राफ शेजारी लावायचे ठरले, पहिला रंगीत ठिपक्यांचा तसाच, दुसऱ्यात आडवा अक्ष केल्विनमधला बॉइलिंग पॉईंट आणि उभा अक्ष बाष्पीभवनाची उष्णता. दुसऱ्यात निळे हिरवे बहुतेक सगळे एका रेषेत आले, पाणी आणि इथेनॉल रेषेच्या वर, ॲसेटिक ॲसिड खाली, एचएफ पार तळाला. ४ जुलैचा माझा अंदाज पहिल्या ग्राफखाली पेन्सिलीने आहे तसा लिहिलाय, "पाणी तेवढं एकटं अपवाद" सकट.

फॉर्मिक ॲसिड राहिलंय. १०१ ला उकळतं आणि त्याच्याही वाफेत जोड्या असतात, म्हणजे ६० च्या जवळपास यायला हवं. हा अंदाजही पेन्सिलीने लिहिलाय, भागाकार उद्या करू.